लेकराकडं पहिल्यांदा परदेशी निघताना: मराठवाड्यातल्या आई-वडिलांसाठी

लातूर, परभणी, नांदेड, बीड, कुठंही बघा, ओळखीतलं एखादं तरी लेकरू आता परदेशात असतं. मग बाळंतपण निघतं, नातवाचा वाढदिवस येतो, आणि साठीतले आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढायला निघतात. मी या सगळ्यातून गेले आहे. नंतर ओळखीच्या, नात्यातल्या बऱ्याच जणांचे कागद जुळवून दिले, बॅगा भरायला बसले. त्यावरून सांगते, विमानतळावर होणारी बहुतेक पंचाईत घरी बसूनच टाळता येते. फक्त घाई नको. निघायच्या निदान पाच-सहा महिने आधी कामाला लागा.

१. सगळ्या कागदांवरचं नाव एक करून घ्या

पासपोर्टचा अर्ज नंतर. आधी आधार, पॅन, शाळेचा दाखला, मतदान ओळखपत्र आणि बँकेचं पासबुक एका ओळीत मांडून बसा. आपल्याकडं हमखास काय होतं, तर एका कागदावर सुमन असतं, दुसऱ्यावर सुमनबाई. एकीकडं विठ्ठल, दुसरीकडं विठ्ठलराव. कुणाचं आडनाव एका कागदावर पाटील आणि दुसऱ्यावर गावावरून पडलेलं. इंग्रजी स्पेलिंगची तर वेगळीच तऱ्हा. हे सगळं आधारवर दुरुस्त करून घ्या आणि मग बाकीचे कागद त्याप्रमाणे करा.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही तारीख आपल्या पिढीत घरोघरी आहे. ती खरी की खोटी हा प्रश्न नाही, सगळीकडं तीच असली पाहिजे. काहींच्या आधारवर नुसतं साल असतं, तिथं पूर्ण तारीख नोंदवून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच पाहिजे असं नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन यांवरही काम होतं.

जन्मगावाच्या रकान्यात थोडं थांबा. जालना जिल्हा १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली, हिंगोली १९९९ साली. म्हणजे औशात १९६० साली जन्मलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद असतो, आणि आता तर उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आहे. गावाचं नाव आणि त्याचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच ठेवा, आणि जिल्हा का वेगळा दिसतो ते विचारल्यावर नीट सांगता येईल अशी तयारी ठेवा.

आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या प्रवाशांना संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून भेटीच्या व्हिसावर येऊ देणं बंद केलं आहे. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी नाव माहीत नाही अशा अर्थाची अक्षरं छापून येतात आणि पुढं प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागतं.

२. पासपोर्ट

अर्ज फक्त सरकारी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर भरा. शोधायला गेलं की त्याच्यासारखीच दिसणारी, जास्तीचे पैसे उकळणारी पानं आधी येतात, त्यामुळं पत्ता शेवटी गव्ह डॉट इन असलेलाच आहे ना ते पाहा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि साठीच्या पुढच्यांना नव्या अर्जावर १० टक्के सूट मिळते. पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रांमुळं आता मुंबई-पुण्याला जायची गरज उरलेली नाही. अर्ज भरताना तुमच्या पत्त्यावरून कोणतं केंद्र येतं ते दिसतं. त्या दिवशी मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

शिक्षण नसलेल्या बायका फार बिचकतात, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. दहावी नसली तरी वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते असा, शिक्का बसत नाही.

पत्ता द्या तो तुम्ही खरोखर राहता तिथला. सहा महिने पुण्यात लेकाकडं आणि सहा महिने गावाकडं असं असेल तर पोलिस पडताळणीच्या वेळी तुम्ही दिलेल्या पत्त्यावर असायला हवं. पासपोर्ट स्पीड पोस्टानं येतो आणि पोस्टमन तो ज्याचा त्याच्याच हातात देतो. हातात आल्यावर लगेच प्रत्येक अक्षर वाचा.

ज्यांच्याकडं आधीच पासपोर्ट आहे त्यांनी मुदत बघा. बरेच देश प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक मागतात.

३. व्हिसा

देशादेशाचे नियम वेगळे आणि बदलते, म्हणून त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर लेकराकडून वाचून घ्या. दोनच गोष्टी इथं सांगते.

पहिली: व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत वेगळी असते. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो, पण एका खेपेला किती दिवस राहायचं ते तिथं उतरल्यावर अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स हे युरोपातले एकाच व्हिसावर चालणारे शेंगेन देश कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहू देतात. एक दिवससुद्धा जास्त राहिलात तर पुढचा व्हिसा अवघड होतो.

दुसरी: अमेरिकेच्या मुलाखतीसाठी मुंबई की हैदराबाद ते आधी ठरवा. नांदेड, लातूरकरांना हैदराबाद जवळ पडतं, पण मराठीत बोलायचं असेल तर मुंबई धरा. बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी असते. आत मोबाइल नेता येत नाही. उत्तरं थोडक्यात आणि खरी द्या: कुणाकडं जाता, किती दिवस, परत कशासाठी येणार. शेती, पेन्शन, घर, मागं राहिलेली माणसं हे सगळं तुमच्या परत येण्याचं कारण आहे. ते सहज सांगता आलं पाहिजे.

४. तिकीट: तारीख, विमानतळ आणि जेवण

मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.४० असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊलाच विमानतळावर असायचं आहे. हा घोळ फार जणांचा होतो. तिकीट हातात आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर घरातून निघायची तारीख लाल पेनानं लिहून ठेवा.

विमानतळाचं नाव पूर्ण वाचा. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून मुंबईत आता दोन विमानतळ आहेत, त्यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. जुन्या विमानतळावरही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगळे. संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून येणारं विमान एका टर्मिनलवर उतरलं आणि परदेशी विमान दुसऱ्यावरून असलं, तर बाहेर येऊन रस्त्यानं जावं लागतं.

शक्यतो सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडली तरी पहिल्या प्रवासाला ती घेऊ नका असं माझं ठाम मत आहे.

माळकऱ्यांनी आणि शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचावं. तिकिटासोबत जेवण निवडताना हिंदू मील असा पर्याय दिसतो आणि नाव वाचून तोच घेतला जातो. त्यात मांस असू शकतं, फक्त गोमांस नसतं. तुम्हाला हवं ते एशियन व्हेजिटेरियन. त्यात मांस, मासे, अंडं नसतं. कांदा-लसूणही नको असेल तर जैन जेवण. निघायच्या निदान दोन दिवस आधी हे नोंदवलेलं असलं पाहिजे, विमानात बसल्यावर मागून मिळत नाही.

गुडघे दुखत असतील, दम लागत असेल, तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. तिचे पैसे लागत नाहीत. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्यापर्यंत बरंच चालावं लागतं. धडधाकट असाल तर मात्र ती खुर्ची गरजवंताला राहू द्या.

५. औषधं आणि विमा

निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडं जा. साखर, रक्तदाब, दातांची तपासणी करून घ्या. दात तिकडं दुखला तर त्याचा खर्च फार होतो आणि बऱ्याच विम्यांत तो पुरेसा धरलेला नसतो. हृदयविकाराचा झटका किंवा मोठं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांनी विमानप्रवासाला लेखी हो म्हटल्याशिवाय तिकीट काढू नका.

औषधं पूर्ण मुक्कामाची न्या, मूळ पाकिटात. गोळ्या काढून डब्यात भरू नका. डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी घ्या, आणि कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या, कारण आपल्या ब्रँडची नावं तिकडं कुणाला कळत नाहीत. सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत ठेवूच नका, खालच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. वेळेचा फरक पडला की इन्सुलिनचा डोस कसा घ्यायचा हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी किंवा तिथं विमान बदलणाऱ्यांनी कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या परवानगीशिवाय नेऊ नयेत. आपल्याकडं चिठ्ठीवर सहज मिळणारी ही औषधं तिथं कडक नियंत्रणात आहेत.

उमराह किंवा हजला जाणाऱ्यांना मेंदूज्वराची लस लागते. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं.

विमा घेताना किंमत बघून घेऊ नका. आधीपासून असलेल्या आजारांना, म्हणजे बीपी-शुगरला, त्यात काय संरक्षण आहे ते विचारा, आणि आधी खिशातून किती भरावं लागेल तेही. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतोच. अमेरिकेत एका रात्रीच्या दवाखान्याचं बिल घरची बचत संपवू शकतं, तिथं विम्याशिवाय पाऊल टाकू नका.

६. बॅग: इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या

आपली माया डब्यांत भरून जाते. काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, खारोड्या, ज्वारीचं पीठ, मेतकूट. यातलं बरंचसं जातंही. पण काही गोष्टींनी मोठं संकट येतं.

खसखस. संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, सिंगापूर इथं खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि ती नेल्याबद्दल लोकांना अटक झाली आहे. डब्यातल्या अनारशांवर खसखस असते, डिंकाच्या लाडवांत असते, काही मसाल्यांत भाजून वाटलेली असते. नुसतं दुबईत विमान बदलायचं असलं तरी अनारसे घरीच ठेवा आणि मसाला खसखस न घालता करा.

सुकं खोबरं. त्यातल्या तेलामुळं ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात, म्हणून वाट्या विमानात चालत नाहीत.

युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप नाही. ताजा कढीपत्ता, आंबे, लिंबं, मिरच्याही नाहीत. अमेरिकेतही मांस, ताजी फळं-भाज्या, कढीपत्ता, बियाणं आणि तांदूळ चालत नाहीत. तांदळाचं कारण खपरा नावाची कीड. ऑस्ट्रेलिया याबाबतीत फार कडक आहे.

एक नियम पाठ करा: खाण्याचं काही आहे का असं विचारलं तर हो म्हणा आणि दाखवा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

लोणचं, तेलाची चटणी, काकवी हे हातातल्या बॅगेत चालत नाही, तिथं द्रव किंवा ओलसर वस्तू १०० मिलिलिटरच्या आतच. अडकित्ता, विळी, सुरी, कात्री मोठ्या बॅगेत टाका. याच्या उलट पॉवर बँक हातातल्याच बॅगेत लागते. २०,००० एमएएचपर्यंतची चालते, पण काही कंपन्या विमानात ती वापरू देत नाहीत. तंबाखूची पुडी सिंगापूरला न्यायला बंदी आहे.

वजन घरी करा. लटकवायचा छोटा काटा मिळतो, तो विकत घ्या. अमेरिकेला बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा आणि हातात ७-८ किलो असतं, तरी तुमच्या तिकिटावर काय लिहिलं आहे ते प्रमाण. दुसऱ्या कुणी "एवढं पाकीट आमच्या पोराला द्या" म्हटलं, तर ते उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, मग तो भाऊबंद का असेना. बॅगेत जे सापडेल त्याला तुम्हीच जबाबदार असता.

सोनं कमी न्या. मंगळसूत्र, पाटल्या एवढंच बरं. जास्त न्यायचंच असेल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून त्याची नोंद करून दाखला घ्या, म्हणजे परत येताना वाद होत नाही. रोख भारतीय रुपये २५,००० पर्यंत नेता येतात, परदेशी नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत.

हातातल्या बॅगेत, एका फायलीत हे ठेवा:

- पासपोर्ट, व्हिसा आणि दोन्हींच्या झेरॉक्स
- जाण्या-येण्याचं तिकीट, छापलेलं
- लेकराचा पूर्ण पत्ता आणि फोन, इंग्रजीत मोठ्या अक्षरात
- विम्याची पॉलिसी आणि त्यांचा मदत क्रमांक
- डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधं
- चष्म्याची जास्तीची जोडी, एक पेन, एक कपड्यांचा जोड आणि स्वेटर

७. गावाहून विमानतळापर्यंत

मुंबईला आदल्या दिवशीच पोहोचा. पावसाळ्यात तर हा नियम मोडूच नका. नांदेड, परभणी, जालन्याहून वंदे भारत, तपोवन, देवगिरी आहेत, लातूरहून लातूर एक्सप्रेस. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादर किंवा ठाण्याला उतरलात तर विमानतळ जवळ. गाडीनं यायचं असेल तर समृद्धी महामार्गामुळं जालना-संभाजीनगरहून वेळ वाचतो, पण पुढं मुंबईतल्या गर्दीचा हिशोब वेगळा धरा. नांदेड, लातूर, देगलूर, उदगीरच्या लोकांनी हैदराबादहून विमान मिळतं का हे आधी बघावं. शमशाबादचा विमानतळ शहराबाहेर आहे आणि अंतर कमी पडतं.

८. विमानतळावर

विमानाच्या तीन तास आधी पोहोचा. दारात तिकीट आणि पासपोर्ट दाखवायचा. मग कंपनीच्या काउंटरवर मोठी बॅग द्यायची, बोर्डिंग पास घ्यायचा आणि विचारायचं, "बॅग शेवटपर्यंत जाते का?" बॅगेची चिकटपट्टी पासपोर्टला लावून देतात, ती जपा. त्यानंतर इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची सरकारी तपासणी, मग सुरक्षा तपासणी, मग गेट. गेटचा नंबर बदलतो, म्हणून फलकाकडं लक्ष ठेवा.

रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून उभं राहा. सरकत्या जिन्यावर साडीचा काठ सांभाळा. सवय नसेल तर सरळ लिफ्ट घ्या.

९. विमानात

पाणी पीत राहा. दर दीड-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी टाचा वर-खाली करा. खूप वेळ पाय लोंबकळत राहिले तर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा बडीशेप किंवा गोळी चघळा. शौचालयात पाणी थोडंच असतं, कागद असतो. एक छोटी रिकामी बाटली जवळ ठेवा, आणि वापरून झाल्यावर फरशी कोरडी करून बाहेर या. मोबाइलवर कीर्तन ऐकायचं तर कानात हेडफोन लावून. विमान थांबलं की लगेच उभं राहून बॅग ओढू नका, पुढच्या रांगा आधी उतरतात.

१०. उतरल्यावर

अधिकारी विचारतो: कशासाठी आलात, किती दिवस, कुठं राहणार. फायलीतला पत्ता आणि परतीचं तिकीट दाखवा. इंग्रजी येत नसेल तर शांतपणे तसं सांगा, दुभाष्या बोलावतात. अमेरिकेत पुढं आणखी विमान असलं, तरी पहिल्या शहरात बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावी लागते, हे साधारणपणे सगळ्यांना लागू आहे.

पहिले चार-पाच दिवस झोप उलटी होते. न्यूयॉर्कची वेळ आपल्यामागं साडेनऊ ते साडेदहा तास असते. दिवसा उन्हात बाहेर फिरा, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका.

११. लेकराच्या घरात

तिकडं बरीच घरं लाकडाची असतात, त्यामुळं काही गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्या. न्हाणीघराच्या फरशीला बहुतेक वेळा मोरी नसते. पडद्याच्या आत, टबातच अंघोळ करायची. बाहेर तांब्या ओतला तर पाणी खालच्या घरात झिरपतं आणि त्याचा खर्च लेकराला भरावा लागतो. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. मिरचीची फोडणी, काळ्या मसाल्याचं भाजणं, धूप-उदबत्ती यानं ते कर्कश वाजतं, काही इमारतींत अग्निशमन दलही येतं. चिमणी चालू करा, खिडकी उघडा, मग कढई ठेवा. यंत्र मात्र काढून ठेवू नका.

लहान मुलांच्या बाबतीत फार जपून. दुसऱ्याच्या बाळाचा गाल ओढू नये, फोटो काढू नये, खाऊ देऊ नये. नातवावर हात उगारू नका, घरातसुद्धा नाही. स्वीडनमध्ये १९७९ पासून आणि जर्मनीत २००० पासून मुलांना मारायला कायद्यानं बंदी आहे, इतर देशांतही शेजाऱ्यानं कळवलं तर चौकशी येते.

समोरून येणारा अनोळखी माणूस हसून हॅलो म्हणतो, तुम्हीही म्हणा. पगार किती, लग्न का नाही, मूलबाळ कधी, हे विचारू नका. जर्मनीत रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज नको, मिक्सरसुद्धा नको.

अमेरिका-युरोपात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच आहे. मदतीचा नंबर अमेरिकेत ९११, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००. चुकून लागला तर फोन ठेवून देऊ नका, चुकून लागला एवढं सांगा.

एकटं फिरायला जाताना लेकराचा पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते.

१२. परतीचं

परतीची तारीख मुक्कामाच्या मुदतीच्या निदान आठवडाभर आधीची ठेवा. विमान रद्द झालं किंवा आजारपण आलं तर हाताशी दिवस राहतात. मुंबईत पहाटे उतरलात तर लगेच गाडी करून गावाकडं निघू नका. रात्रभर जागलेल्या चालकासोबत समृद्धीवरून प्रवास करण्यापेक्षा झोप काढून दुपारची गाडी पकडा. घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना परदेशातून आल्याचं आणि कुठल्या देशातून आल्याचं आधी सांगा.